कान्तिन्फ्लास : ज्याच्या नावाचं क्रियापद झालं

आपल्या इंजिनिअरिंगवाल्यांना माणसांची नावं एककांना दिलेली पाहायची सवय आहे. ओहम, फॅरेडे, हेन्री, टेस्ला... ही सगळी हाडामांसाची माणसं होती हे आपण कधीच विसरलोय. आपल्यासाठी ती फक्त न्यूमरिकलच्या उत्तरापुढे लिहायची असतात. नाही लिहिली तर अर्धा मार्क गेला! पण एखाद्या माणसाच्या नावाचं चक्क क्रियापद झालेलं ऐकलंय? आणि तेही शास्त्रज्ञाच्या किंवा राजाच्या नव्हे, तर एका विदूषकाच्या नावाचं?

स्पॅनिश भाषेचा अधिकृत शब्दकोश स्पेनची रॉयल अकादमी काढते. तिच्या 1992 च्या आवृत्तीत 'कान्तिन्फ्लेआर' हे क्रियापद आलं. अर्थ साधारण असा, की भरपूर बोलायचं, न अडखळता बोलायचं, आणि शेवटी काहीच सांगायचं नाही. मला वाटतं, एक्स्टर्नलसमोर व्हायवाला बसलेल्या प्रत्येकाने हे क्रियापद आयुष्यात एकदा तरी प्रत्यक्ष करून पाहिलेलं आहे. फक्त आपल्याकडे त्याला शब्द नव्हता. ज्या माणसामुळे तो स्पॅनिशला मिळाला, त्याचं नाव मारिओ मोरेनो. सगळं जग त्याला कान्तिन्फ्लास म्हणून ओळखायचं.

गेल्या सुट्टीत मी मेक्सिकोचे जुने विनोदी चित्रपट ओळीने पाहायला घेतले. स्पॅनिशचं मला ओ की ठो कळत नाही, त्यामुळे खालच्या इंग्रजी ओळी वाचत वाचत पाहिले. त्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसायची, ती म्हणजे एकाच इमारतीत दाटीवाटीने राहणारे शेजारी. मेक्सिको सिटीत अशा इमारतीला 'वेसिंदाद' म्हणतात. शहराच्या जुन्या भागातले श्रीमंतांचे मोठमोठे वाडे मालक सोडून गेले आणि एकेका खोलीत एकेक कुटुंब भाड्याने राहायला लागलं. मध्ये अंगण, चारी बाजूंनी खोल्या, कपडे धुवायची जागा सगळ्यांत मिळून एक आणि दाराशी एक रखवालदार. आपण वर्णन ऐकूनच म्हणू, अरे, ही तर चाळ! होस्टेलवाल्यांना तर जास्तच ओळखीचं वाटेल. कुणाच्या घरात काय शिजतंय, कुणाची मनीऑर्डर आली, कुणाचं कुणाशी भांडण झालं, हे सगळं सगळ्यांना माहीत.

मेक्सिकन सिनेमाने या वेसिंदादवर मनापासून प्रेम केलं. 1948 चा पेद्रो इन्फान्तेचा 'नोसोत्रोस लोस पोब्रेस' तिथलाच. पुढे टीव्हीवर गाजलेली 'एल चावो' ही मालिका तिथेच घडते. अगदी 2004 चा 'तेम्पोरादा दे पातोस' घ्या. त्लातेलोल्कोच्या फ्लॅटमध्ये रविवारी वीज गेलेली, घरात दोन मुलं, केक भाजायला आलेली शेजारची मुलगी आणि पैशांवरून हटून बसलेला पिझ्झावाला. बस, एवढीच गोष्ट! पण त्याने मेक्सिकोचे 11 आरिएल पुरस्कार पटकावले. या सगळ्या परंपरेत मागे मागे जात राहिलं की दाराशी कान्तिन्फ्लास उभा असतो. शब्दशः दाराशी, कारण 1950 च्या 'एल पोर्तेरो' मध्ये तो अशाच एका इमारतीचा रखवालदार झालाय, आणि तिथल्याच एका अपंग मुलीवर त्याचा जीव जडलाय. तर आता या माणसाबद्दल सांगतो.

मारिओचा जन्म 12 ऑगस्ट 1911 चा, मेक्सिको सिटीतल्या सान्ता मारिया ला रेदोन्दा या गरीब वस्तीतला. वडील टपाल खात्यात नोकरीला. घरात पोरांची रांग. आदल्याच वर्षी, 1910 मध्ये मेक्सिकोत क्रांती सुरू झाली होती. ती दहा वर्षं चालली. खेड्यापाड्यांतली माणसं जीव मुठीत धरून राजधानीत येत होती. हाताला काम नाही, अंगावर धड कपडा नाही, आणि शहरी सफाईदार बोलणं तर नाहीच नाही. अशा माणसाला शहरातले सुखवस्तू लोक 'पेलादो' म्हणायचे. शब्दाचा अर्थ सोललेला, साल काढलेला. ज्याच्याकडे काहीच उरलं नाही असा. शिवीच होती ती.

मारिओ याच माणसांत वाढला. जोडे पुसले, टॅक्सी चालवली, बॉक्सिंग करून पाहिलं. वय वाढवून सांगून सैन्यातही भरती झाला होता, पण वडिलांनी तो अल्पवयीन असल्याचं कळवून त्याला सोडवून आणला. थोडक्यात काय, तर करिअर गायडन्सवाल्यांनी हात टेकले असते असा मुलगा.

शेवटी तो 'कार्पा' मध्ये शिरला. कार्पा म्हणजे तंबूतला खेळ. मोकळ्या जागेवर तंबू ठोकायचा, फळकुटांची बाकं टाकायची, नाममात्र तिकीट लावायचं आणि गाणी, नाच, नकला, कसरती असं सगळं एकापाठोपाठ दाखवायचं. प्रेक्षक म्हणजे तिथलेच कष्टकरी. खेळ आवडला नाही तर तोंडावर सांगायचे, आणि नुसतं तोंडानेच सांगतील असंही नाही! आपल्या गॅदरिंगला मागच्या रांगेतून जे काही येतं ते तिथे रोज रात्री यायचं.

पुढची गोष्ट सगळीकडे सांगितली जाते ती अशी. एका रात्री निवेदकाच्या जागी अचानक मारिओला उभं केलं. समोर गर्दी पाहून त्याची बोबडी वळली. काय बोलायचं ते आठवेना, आणि गप्प राहायचीही सोय नव्हती. मग तो सुचेल ते बरळत सुटला. एक वाक्य सुरू करायचं, ते अर्ध्यात सोडून दुसरं पकडायचं, मध्येच पहिल्याकडे यायचं... लोक आधी चक्रावले आणि मग हसून हसून लोळायला लागले. पोराच्या लक्षात आलं की आपल्याला जे येत नाही तेच आपलं भांडवल आहे. कान्तिन्फ्लास हे नाव कुठून आलं याच्याही बऱ्याच कथा आहेत, पण घरच्यांना पत्ता लागू नये म्हणून त्याने टोपणनाव घेतलं यावर बहुतेकांचं एकमत दिसतं.

हळूहळू त्याने आपलं ध्यानही ठरवून टाकलं. कमरेखाली घसरलेली विजार, ती सांभाळायला दोरी. डोक्यावर बारकीशी टोपी. मिशी फक्त ओठांच्या दोन्ही कोपऱ्यांना, मधली जागा मोकळी. खांद्यावर एक चिंधी, आणि तिला तो मोठ्या ऐटीत आपला गॅबर्डिनचा कोट म्हणायचा! म्हणजे तोच सोललेला पेलादो. पण हा पेलादो खाली मान घालून उभा राहत नव्हता. पोलीस, मालक, वकील, कुणीही समोर येऊ दे, हा त्याच्याशी बोलायला लागायचा आणि बोलता बोलता त्यालाच गुंडाळून टाकायचा. कार्पातच त्याला वालेन्तिना इवानोवा भेटली. तंबू चालवणाऱ्या रशियन कुटुंबातली मुलगी. दोघांनी लग्न केलं आणि ती शेवटपर्यंत त्याच्याबरोबर राहिली.

1936 मध्ये तो राजधानीतल्या फोलीस बेर्खेर या थिएटरात पोचला. तंबूतला माणूस पक्क्या छताखाली आला! आणि लगेच पुढच्या वर्षी एक मजेशीर प्रकार घडला. मेक्सिकोत तेव्हा लुईस मोरोनेस आणि व्हिसेन्ते लोम्बार्दो तोलेदानो हे दोन मोठे कामगार पुढारी एकमेकांच्या विरोधात उभे होते. मोरोनेसने जाहीर वादविवादाचं आव्हान दिलं. त्यावर लोम्बार्दोने सुनावलं की, त्याला वादच घालायचा असेल तर त्याने कान्तिन्फ्लासशी घालावा. झालं! पत्रकार कान्तिन्फ्लासकडे धावले. त्याने अगदी गंभीरपणे आपलं मत दिलं, आणि ते पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं तरी त्यातून काडीचाही अर्थ निघत नव्हता. पण वाचणाऱ्यांना जे कळायचं ते बरोबर कळलं. पुढाऱ्यांची भाषणं आणि विदूषकाची बडबड यांत फरक असलाच तर एवढाच, की विदूषकाला आपण काही सांगत नाही आहोत हे माहीत असतं.

मला वाटतं कान्तिन्फ्लासचं मोठेपण इथे आहे. आपण त्याला नुसता बडबड्या म्हटलं तर चुकेल. ज्यांच्याकडे सत्ता असते त्यांच्याकडे शब्दही असतात. कायद्याचे शब्द, कचेरीचे शब्द, मोठ्या शिक्षणाचे शब्द. ज्याच्याकडे काहीच नाही तो तिथे मुका होतो. कान्तिन्फ्लासने त्या मुक्याला बोलतं केलं. तुमचे शब्द मला येत नाहीत ना, मग मी तुमच्यासारखंच बोलतो, बघू कोण आधी थकतं!

हे सगळ्यात झकास दिसतं ते 1940 च्या 'आई एस्ता एल देताये' या चित्रपटात. नावाचा अर्थ, खरी मेख तिथेच आहे. त्याआधी सान्तियागो रेआची या जाहिरातवाल्याने त्याच्याबरोबर कंपनी काढून मालाच्या जाहिरातीसाठी छोट्या फिल्म्स केल्या होत्या. पण या चित्रपटाने तो खऱ्या अर्थाने स्टार झाला. दिग्दर्शक हुआन बुस्तियो ओरो. गोष्ट अशी की कान्तिन्फ्लास एका श्रीमंत घरातल्या मोलकरणीचा प्रियकर. रात्रीच्या जेवणाच्या आशेने गुपचूप घरात येणारा. त्या घरातला बॉबी नावाचा कुत्रा पिसाळतो आणि त्याला मारायचं काम याच्या गळ्यात पडतं. हा मारतो. इकडे नेमका बॉबी नावाचाच एक गुंडही कुणीतरी मारलेला असतो. हा पकडला जातो. कोर्टात विचारतात, बॉबीला तू मारलंस का? हा म्हणतो, हो, मारलं की! का मारलं, कसं मारलं, सगळं प्रामाणिकपणे सांगतो. सरकारी वकिलाला घाम फुटतो, कारण इतका निगरगट्ट खुनी त्याने उभ्या जन्मात पाहिलेला नसतो.

पण खरी गंमत पुढे आहे. खटला चालू राहतो, कान्तिन्फ्लास उत्तरं देत राहतो, आणि हळूहळू सगळ्या कोर्टाला त्याची लागण होते. वकील त्याच्यासारखं बोलायला लागतात. शेवटी न्यायाधीशही! काळे झगे घातलेली ती सगळी भारदस्त माणसं अर्धी वाक्यं हवेत सोडत एकमेकांना काहीबाही समजावत बसलेली पाहून मी एकटाच खोलीत खो खो हसत होतो. आणि मग एकदम जाणवलं की इथे एका निरपराध माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे. खरा खुनी स्वतः कबुली देतो म्हणून हा वाचतो. पुरावा, युक्तिवाद, कायदा यांनी त्याला वाचवलेलं नाही. हसता हसता असं पोटात काहीतरी खड्डा पाडून जाणारा विनोद होता तो.

इथे जरा थांबून आपल्याकडचं सांगतो. आमच्या विंगमधला एक मित्र जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेतून आलेला. गणितात आम्हा सगळ्यांचा बाप. पण पहिल्या वर्षीच्या सेमिनारला इंग्रजीत बोलायची वेळ आली आणि त्याची गाडी अशी काही भरकटली की मागच्या बाकांवरून हशा पिकला. बेसिकली आणि अ‍ॅक्च्युअली या दोन शब्दांवर त्याने दहा मिनिटं काढली. त्याच आठवड्यात बोर्डावर एक नोटीस लागली होती, तीन परिच्छेदांची. प्रचलित निकष, सक्षम प्राधिकारी, यथावकाश कार्यवाही... गरम पाणी कधी येणार हे मात्र त्यात कुठेच नव्हतं. त्या नोटिशीला कुणीच हसलं नाही. कान्तिन्फ्लास पाहिल्यावर मला प्रश्न पडला, की आपण नेमके चुकीच्या माणसाला तर हसत नाही ना? मित्राला सांगायचं होतं पण शब्द नव्हते. नोटिशीकडे शब्द होते पण सांगायचं नव्हतं.

असो! पुन्हा मारिओकडे येऊ. 1941 मध्ये 'एल खेन्दार्मे देस्कोनोसिदो' आला. त्यात हा पेलादो अपघातानेच पोलीस होतो आणि पोलीसखात्याची भंबेरी उडवतो. तिथून मिगेल देल्गादो हा दिग्दर्शक त्याच्याबरोबर जो चिकटला तो पार शेवटच्या चित्रपटापर्यंत. पैसा, प्रसिद्धी, सगळं धो धो आलं. पण त्याने फक्त स्वतःपुरतं पाहिलं नाही. तो नटांच्या संघटनेचा पुढारी होता. सिनेमा कामगारांच्या जुन्या युनियनमधली पुढाऱ्यांची मनमानी सहन होईना, तेव्हा 1945 मध्ये गायक नट खोर्खे नेग्रेते आणि छायालेखक गाब्रिएल फिगेरोआ यांच्याबरोबर तो वेगळी युनियन काढणाऱ्यांत पुढे होता. पडद्यावर वाक्य पूर्ण न करणारा माणूस सभेत मात्र मुद्द्याचं बोलायचा. त्याने स्वतःच्या पैशाने आणि बैलझुंजीचे विनोदी खेळ करून गरिबांना भरपूर मदत केली. होय, तो खरोखरचा बैल समोर घेऊन रिंगणात विदूषकी करायचा, विजार सावरत!

1953 मध्ये चित्रकार दिएगो रिव्हेराने मेक्सिको सिटीतल्या इन्सुर्खेन्तेस थिएटरच्या दर्शनी भिंतीवर प्रचंड मोज़ेक केलं. त्याच्या मधोमध कान्तिन्फ्लास उभा आहे. एका बाजूच्या श्रीमंतांकडून घेतोय आणि दुसऱ्या बाजूच्या गरिबांना देतोय. सुरुवातीच्या आराखड्यात त्याच्या त्या प्रसिद्ध चिंधीवर ग्वादालुपेच्या मातेचं चित्र होतं. त्यावरून गदारोळ झाला आणि ते काढावं लागलं. देशाची सर्वांत पूज्य देवी एका फाटक्या विदूषकाच्या खांद्यावर हे कित्येकांना सहन झालं नाही. त्याच थिएटरचा पडदा उघडला तो त्याच्याच 'यो, कोलोन' या नाटकाने. त्यात पुतळ्यावरून खाली उतरलेला कोलंबस आजच्या मेक्सिकोत फिरतो.

मग हॉलिवूडने बोलावलं. 1956 चा 'अराउंड द वर्ल्ड इन एटी डेज'. ज्यूल व्हर्नची ही गोष्ट आपल्याकडे पुष्कळांनी वाचलेली असते, कारण त्यातला प्रवास मुंबईहून रेल्वेने कलकत्त्याला जातो. त्यातल्या नोकराचं, पासपार्तूचं काम कान्तिन्फ्लासने केलं. पुस्तकात नसलेली बैलझुंज खास त्याच्यासाठी चित्रपटात घातली गेली. चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं आणि त्याला स्वतःला विनोदी भूमिकेसाठी गोल्डन ग्लोब. मग 1960 मध्ये त्यालाच मध्यवर्ती ठेवून 'पेपे' काढला, बड्या बड्या पाहुण्या कलाकारांची फौज उभी केली, आणि तो आपटला. कारण उघड आहे. त्याचा सगळा खेळ शब्दांचा. इंग्रजीत तो फक्त एक गोड, धडपड्या माणूस उरला. शेक्सपिअरचं भाषांतर होतं, पण घाबरलेल्या गरिबाच्या बडबडीचं होत नाही!

आता जरा कडू भाग. तो वगळून नुसती आरती ओवाळली तर या लेखाला अर्थ नाही. जसजशी वर्षं गेली तसतसा पडद्यावरचा कान्तिन्फ्लास बदलत गेला. घसरणारी विजार मागे पडली आणि अंगावर व्यवस्थित कपडे आले. तो धर्मगुरू झाला, डॉक्टर झाला, शिक्षक झाला. 1967 च्या 'सु एक्सेलेन्सिया' मध्ये तो एका चिमुकल्या देशाच्या वकिलातीतला किरकोळ कर्मचारी, नशिबाने राजदूत होतो. दोन महासत्ता त्याच्या एका मतासाठी त्याच्या मागे लागतात आणि शेवटी तो भर सभेत दोघांनाही खडे बोल सुनावतो. भाषण चांगलं आहे, मुद्दे पटतात. पण ते भाषण आहे! पहिलं वाक्य पूर्ण, दुसरं पूर्ण, तिसरंही पूर्ण. 1978 च्या 'एल पात्रुयेरो 777' मध्ये तो पुन्हा पोलीस झाला, पण या वेळी पोलिसांची फजिती करायला नाही, तर लोकांना चार चांगल्या गोष्टी शिकवायला.

मेक्सिकोतल्याच समीक्षकांनी यावर सडकून टीका केली. ज्याने मोठ्यांच्या भाषेची टर उडवली तो स्वतः मोठा झाला आणि उपदेश करायला लागला, असं त्यांचं म्हणणं. स्वतःचं विमान, झुंजीच्या बैलांची पैदास करणारी जमीन, राष्ट्राध्यक्षांशी ऊठबस असलेला माणूस पेलादोच्या पोटातली भूक कुठून आणणार? मला टीका बरीचशी पटते. पण एक गोष्ट टीकाकार विसरतात असं वाटतं. थिएटरात पहिल्या रांगेत बसणारा प्रेक्षक त्याला शेवटपर्यंत सोडून गेला नाही. त्यांच्यातलाच एकजण आता मोठ्यांच्या सभेत उभा राहून पूर्ण वाक्यात बोलतोय, याचाही त्यांना आनंद होत असेल. आपल्या गावातला मुलगा साहेब झाला की गावाला होतो तसा. तो आनंद खोटा म्हणता येत नाही. फक्त तो साहेब झाल्यावर गावाच्या बाजूने बोलतो की गावाला समजावतो, एवढाच प्रश्न असतो.

वैयक्तिक आयुष्यात वालेन्तिना 1966 मध्ये गेली. 1982 चा 'एल बार्रेन्देरो' हा त्याचा शेवटचा चित्रपट. त्यात तो रस्ता झाडणारा झालाय. म्हणजे शेवटी फिरून आपल्याच माणसांत आला म्हणा. 20 एप्रिल 1993 रोजी फुप्फुसाच्या कर्करोगाने तो मेक्सिको सिटीत गेला. अंत्यदर्शनाला पावसात हजारो लोक रांगा लावून उभे होते. त्यात राजकारणी होते, नट होते, पण सगळ्यात जास्त होते ते साधे लोक. त्याच्या पश्चात चित्रपटांच्या हक्कांवरून घरातच भांडण लागलं आणि वर्षानुवर्षं कोर्टात गाजत राहिलं. वकिलांना पडद्यावर वेड लावणाऱ्या माणसाचा वारसा शेवटी वकिलांच्याच हातात गेला.

ज्यांना वेळ असेल त्यांनी 'आई एस्ता एल देताये' जरूर पाहावा. निदान कोर्टाचा प्रसंग तरी. सबमिशनच्या आधी पाहू नका, फायली पूर्ण व्हायच्या नाहीत. आणि पाहून झाल्यावर पुढच्या वेळी कुणी समोर उभं राहून भरपूर बोलत असेल आणि काहीच सांगत नसेल, तर हसण्याआधी एक करून पाहा. तो घाबरून तसं बोलतोय, की काहीतरी लपवायला? घाबरलेला असेल तर त्याला थोडा वेळ द्या, पाण्याचा ग्लास द्या, मराठीत सांग म्हणावं. लपवत असेल तर मात्र हात वर करून विचारा, साहेब, गरम पाणी कधी येणार?